शेवटच्या रांगेसाठी वाचू नका

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सांगलीत येऊन आवाजाबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावाचा समज पक्का आहे की चांगला आवाज म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. रंगमंचासाठी ते बरोबरच आहे. ऑडिओबुकला मात्र शेवटची रांगच नसते. माईक तोंडापासून वीतभर, आणि ऐकणाऱ्याच्या थेट कानात इअरफोन. तिथं वाक्य फेकलंत तर माणूस दचकतो आणि आवाज कमी करतो. पुन्हा दचकला की पुस्तक बंद.

मी ऑडिओबुकांचं संकलन करतो. दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकायचं, कापायचं, जोडायचं. त्यामुळं श्रोत्यांची कुरकुर फिरून माझ्याच टेबलावर येते. ‘आवाज गोड नव्हता’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘फार करतो हो हा’, हे मात्र सारखं. नायिकेचं वाक्य आलं की पुरुष अभिवाचक नाकात बोलायला लागतो. शेतकरी आला की सिनेमातला हेल काढतो. पुण्या-मुंबईत ते खपत असेल. तासगाव-वाळव्याकडचा ऐकणारा पहिल्याच ‘व्हय जी’ला ओळखतो की या गड्यानं आपलं बोलणं कधी ऐकलेलं नाही. अहो, लेखकानं बोली पानावर लिहून दिलेली असते. आहे तशी सरळ वाचली तरी पुरते. पात्र बदललं हे कळायला गळा बदलावा लागत नाही, बोलण्याची चाल बदलली की झालं. सासरा वाक्य पुरं करून थांबतो, सून अर्ध्यात तोडून बोलते. एवढ्यावर अख्खी कादंबरी निघते.

मग कथाकथनाचं काय, असं तुम्ही विचारालच. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगावची सभागृहं हसवून सोडली, आणि माडगूळकर तर याच जिल्ह्यातले. पण तिथं समोरचे हसतात, सांगणारा हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. ऑडिओबुकात तसं थांबलात तर नुसती पोकळी राहते. श्रुतिकेचंही तेच. आकाशवाणी सांगली ऐकत मोठी झालेली मंडळी समोर बसली आहेत. अर्ध्या तासात पाच आवाज, दाराची करकर, पाऊस, मजा यायची. दहा-बारा तासांच्या कादंबरीला ते सोसत नाही.

हा वाद जुनाच आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं तबकड्यांवर निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक हे त्यामागचं एक मोठं कारण. तेव्हापासून दोन पक्ष आहेत. एकाला रंगवून वाचलेलं हवं, दुसऱ्याला स्वच्छ, सरळ. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला पटतं: पुस्तक आम्हाला वाचायचंय, त्याचा अर्थ तुम्ही आधीच लावून देऊ नका. शिवाय आज पुष्कळ जण दीडपट वेगानं ऐकतात. त्या वेगात अभिनयाचं हसू होतं, सरळ वाचन टिकतं.

आता थोडं यंत्राकडं. ऑडिबल ही ऑडिओबुकं विकणारी कंपनी, तिला पुस्तकं पुरवणाऱ्या एसीएक्स या संकेतस्थळाचे नियम ठरलेले आहेत. यंत्रावर शून्य म्हणजे त्याला झेपणारा सगळ्यात मोठा आवाज, बाकी सगळं त्याच्या खाली, उण्यात मोजायचं. सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या वर जाता कामा नये, आणि कुणी बोलत नसताना खोलीची गुणगुण उणे ६० च्या खाली. आकडे कोरडे वाटतात ना? कोल्हापूरच्या एसटीत खिडकीशी बसून ऐका. नायिका कुजबुजली, ते इंजिनात गेलं. तुम्ही आवाज वाढवला. पुढच्याच वाक्याला तिचा बाप ओरडला आणि कानठळ्या बसल्या. कुजबूज सुरातून दाखवायची असते, आवाज पाडून नाही.

सगळ्यात नाजूक काम शांततेचं. नवखा संकलक वाक्यांमधला प्रत्येक श्वास कापतो आणि तिथं कोरी शांतता ठेवतो. ऐकणारा खिशातून फोन काढून बघतो, बंद पडला की काय! म्हणून वाचणाऱ्याला अर्धा मिनिट गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, आणि जिथं काही कापलं तिथं तो भरायचा. श्वास राहू द्यायचे, धापा तेवढ्या उतरवायच्या. सगळे काढले तर ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखं होतं. चुकलेलं वाक्य त्याच बैठकीत दुरुस्त करून घ्यावं. सकाळच्या आवाजाला रात्रीचं ठिगळ लावलं की सांधा कानाला लागतोच. घरी रेकॉर्ड करत असाल तर पंखा बंद, भिंतीला वाकळा, आणि विट्यात राहत असाल तर यंत्रमाग थांबायची वाट बघायची. ‘फ’ आणि ‘भ’ माईकवर फुटतात, त्याला पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाचा वारा अडवणारी जाळी, लावा आणि माईक जरा तिरपा धरा.

संगीत सुरुवातीला आणि शेवटी, तेही क्षणभर. शब्दांखाली अजिबात नको. कितीतरी लोक झोपताना ऐकतात. प्रकरण संपल्यावर सतार दणाणली तर शिव्याच बसणार.

कृत्रिम आवाजाबद्दल विचारणारच, तर सांगतो. थकत नाही, स्वस्त पडतो, पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. शेतीच्या माहितीपुस्तकाला चालेल. कादंबरीला मी तरी वापरणार नाही.

लेखकानं स्वतः वाचावं का? आत्मचरित्र असेल तर खुशाल वाचावं, अडखळला तरी चालतं. कादंबरी असेल तर, समोरच्या लेखकमंडळींनी रागावू नये, दुसऱ्याला द्या.

इथल्या कुणाला पुस्तक आवाजात आणायचं असेल तर अभिवाचकाकडून नमुना मागताना पहिलं पान मागू नका, त्याची तालीम झालेली असते. मधलं एखादं घ्या, ज्यात थोडं वर्णन असेल आणि दोन माणसांचं भांडण असेल. सलग तासभर वाचून घ्या आणि पहिली पाच मिनिटं शेवटच्या पाचांशी ताडून बघा. ऐकताना मोठा स्पीकर लावू नका. इअरफोन घाला, स्वयंपाकघरात जा आणि मिक्सर चालू करा. आता प्रश्न घेऊ. माईक मागं पाठवा.