मरण आणि कर

नमस्कार श्रोतेहो. 'या जगात अटळ गोष्टी दोनच, मरण आणि कर.' हे वाक्य कानावरून गेलं नाही असा माणूस विरळा. कुणाचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: बेंजामिन फ्रँकलिन, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक. लिहिलं त्यांनी, हे खरं. पण ते करांची तक्रार करत नव्हते. पुन्हा सांगतो, करांची तक्रार नव्हतीच ती.

तारीख 13 नोव्हेंबर 1789. फ्रँकलिन फिलाडेल्फियात, वय 83. पॅरिसमध्ये त्यांचे जुने स्नेही ज्याँ-बाप्तिस्त ल रुआ, विजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. वर्ष उलटलं, ल रुआंचं पत्र नाही. तिकडे फ्रेंच राज्यक्रांती पेटलेली, जुलैत बास्तीयचा तुरुंग जमावाच्या हाती पडलेला, जमाव माणसांची मुंडकी भाल्यांवर मिरवतोय, धान्य दडवणाऱ्यांवर तर लोकांचा भलताच राग. तर म्हातारबा मित्राला काय विचारतात? जिवंत आहात ना? की पॅरिसच्या जमावानं ज्ञानाच्या साठेबाजाला धान्याचा साठेबाज समजून तुमचं डोकं काठीवर मिरवलं? जिवाची काळजी, आणि ती अशी! मग इकडची खबर: आमची नवी राज्यघटना लागू झाली, टिकेल अशी दिसते, पण या जगात मरण आणि कर सोडले तर कशाचीच खात्री देता येत नाही. म्हणजे शंका राज्यघटनेच्या आयुष्याची. कर आपले तोंडी लावायला. त्याच पत्रात लिहितात, मी वाळत चाललोय, फार दिवस निघणार नाहीत. 17 एप्रिल 1790 ला ते गेले. ल रुआंचं डोकं मात्र जागेवर राहिलं. ते 1800 पर्यंत जगले.

तेव्हा कुणी 'हे कायमचं टिकणार, लिहून देतो' म्हणालं, की तिथे हे वाक्य चपखल बसतं. कर भरताना कुरकुरायलाही लोक वापरतात. वापरोत बापडे.

बरं, जोडीसुद्धा फ्रँकलिन यांनी जुळवलेली नाही. 1716 सालच्या ख्रिस्तोफर बुलक यांच्या 'द कॉब्लर ऑफ प्रेस्टन' या इंग्रजी प्रहसनात ती आहे, 1726 मध्ये 'रॉबिन्सन क्रूसो'चे लेखक डॅनियल डिफो यांच्याकडेही आहे. फ्रँकलिन यांचं पत्र छापून आलं 1817 साली, आणि बुलक मागे पडले. वाक्य चांगलं असलं की त्याला मोठं नाव चिकटवायची आपल्याला फार घाई. फोनवर येणारी निम्मी सुभाषितं तशीच असतात.

मराठीत आणखी एक गंमत. मरण चुकत नाही, पण कर चुकवताही येतो आणि चुकताही करता येतो! शब्द जवळजवळ तोच, अर्थ उलटे. चुकवण्याचाच एक नमुना ऐका. इंग्लंडात 1696 मध्ये खिडक्यांवर कर बसला. सुरुवातीला घरामागे 2 शिलिंग, आणि खिडक्या दहाच्या वर गेल्या की जादा. लोकांनी काय केलं? खिडक्याच विटांनी बुजवल्या. कर उठला 1851 साली. त्यातल्या काही खिडक्या अजून बुजलेल्याच आहेत.