आधी आपण जायचं, मग माणसं येतात

नमस्कार मंडळी! जेवणं झाली असतील, कोणी ओटा आवरत असेल, कोणी गाडीत असेल, आवाज जरा वाढवा कारण आजचा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेतल्या पब्लिक लायब्रऱ्या आणि तिथे येणारी लॅटिनो कुटुंबं. म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोर, कोलंबिया, ग्वाटेमाला इकडून आलेली माणसं, त्यांची अमेरिकेतच जन्मलेली पोरं, आणि सोबत आजी असतेच. 2020च्या जनगणनेत ही संख्या 6 कोटी 20 लाखांच्या वर होती, म्हणजे थोडीथोडकी माणसं नाहीत ही. आणि तुमच्यापैकी जे न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्समध्ये राहिलेत त्यांना तर सांगायलाच नको, तिथे साड्यांच्या दुकानापासून चार पावलांवर कोलंबियन बेकरी असते आणि आपली पोरं आणि त्यांची पोरं एकाच वर्गात बसतात.

तर आज मला एकच गोष्ट सांगायचीय. लायब्ररीने आधी उठून माणसांकडे जायचं, मग माणसं लायब्ररीत येतात. परत सांगते, आधी आपण जायचं, मग माणसं येतात. आणि हे मी कोणाकडून शिकले तर न्यूयॉर्कच्या लायब्ररीत काम केलेल्या पुरा बेलप्रे या बाईंकडून. म्हणजे भेटले नाही हो कधी, त्या 1982 सालीच गेल्या, पण त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हापासून ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते, आज तुमची पाळी.

पुरा पोर्तो रिकोतल्या सिद्रा गावच्या. घरात आजी गोष्टी सांगणारी, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत या सगळ्या पोरी चिंचेच्या झाडाखाली बसून आळीपाळीने एकमेकींना गोष्टी सांगायच्या. शिक्षिका व्हायचं म्हणून कॉलेजात नाव घातलेलं, तेवढ्यात बहिणीचं लग्न निघालं न्यूयॉर्कला, लग्नाला म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. 1921 साली हार्लेममध्ये 135व्या रस्त्यावरच्या लायब्ररीत त्यांना नोकरी लागली, कारण तिथल्या प्रमुख अर्नेस्टीन रोझ यांना दिसत होतं की आजूबाजूला स्पॅनिश बोलणारी वस्ती वाढतेय आणि आपल्याकडे त्यांच्याशी बोलणारं कोणीच नाही. शहाणी बाई! वस्ती बदलली की माणसं बदलायला हवीत हे तिला त्या काळात कळलं होतं.

आता ऐका. पुराबाई मुलांच्या विभागात पुस्तकं लावतायत. लोककथांचं शेल्फ आहे, जगभरच्या गोष्टी आहेत, आणि त्या शोधतायत की आपल्या आजीच्या गोष्टी कुठेयत. एकही नाही. एकही नाही बरं का, एवढ्या मोठ्या शेल्फात! पुढे त्या लायब्ररीचं काम शिकवणाऱ्या शाळेत गेल्या, तिथे गोष्ट सांगण्याचा वर्ग होता, आणि तिथे त्यांनी आजीची गोष्ट उभी केली. झुरळीण मार्टिना आणि उंदीर पेरेझ. मार्टिनाला झाडताना नाणं सापडतं, ती त्याची पावडर आणते, तोंडाला लावून नटूनथटून बाल्कनीत बसते, मग एकेक जण मागणी घालायला येतो, मांजर येतं, कोंबडा येतो, बेडूक येतो, प्रत्येकाचा आवाज ऐकून ती नको म्हणते, आणि मग येतो पेरेझ, गोड बोलणारा, त्याच्याशी लग्न. आणि पुढे काय, तर नाताळात मार्टिना भाताची खीर करते, बदाम घातलेली, आणि त्या वासाने पेरेझला काही राहवत नाही, चुलीवरच्या भांड्यात वाकून बदाम काढायला जातो आणि आत पडतो. संपला पेरेझ. मार्टिना रडतेय ती रडतेच आहे. एवढ्या दुःखाची गोष्ट लहान पोरांना सांगायची का असं आजकालचे आईबाप लगेच विचारतील, मी म्हणते सांगायची, जरूर सांगायची, पोरांना रडू आलं तर येऊ द्यावं, सगळं गुळगुळीत करून दिलं की गोष्टीत उरतं काय.

पण गंमत पुढेच आहे. तेव्हा लायब्ररीचा दंडक असा होता की गोष्टीच्या तासाला छापील पुस्तकातलीच गोष्ट सांगायची. आणि ही तर छापलेलीच नव्हती, आजीच्या तोंडातली. तर पुराबाईंना खास परवानगी मिळाली! आणि त्या सांगायला लागल्या, इंग्रजीतही आणि स्पॅनिशमध्येही. दार लावायचं, बाहेरचा गलका बंद, दिवे मालवायचे, मेणबत्ती पेटवायची, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की पोरांनी मनात काहीतरी मागायचं आणि मेणबत्ती विझवायची. पुढे 1932 साली ती गोष्ट पुस्तक म्हणून छापून आली, म्हणजे जे शेल्फवर नव्हतं ते त्यांनी स्वतः लिहून शेल्फवर ठेवलं.

1929मध्ये त्यांना 115व्या रस्त्यावरच्या शाखेत पाठवलं, कारण पोर्तो रिकोची माणसं आता तिकडे राहायला गेली होती. आणि तिथे लोकांची समजूत काय, तर लायब्ररी इंग्रजी येणाऱ्यांची, आपली नाही. मग पुराबाई काउंटरमागे बसून राहिल्या का? नाही. चर्चमध्ये गेल्या, शाळांत गेल्या, वस्तीतल्या मंडळांच्या बैठकांना गेल्या, स्पॅनिशमध्ये सांगितलं की या, तुमचंच आहे. 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो त्यांचा, तो लायब्ररीत सुरू केला, मग पोरांबरोबर आईबापही आले, नाच, गाणी, गोष्टी, हाताने बनवलेल्या बाहुल्यांचे खेळ. 1968मध्ये रिटायर झाल्या तरी थांबल्या नाहीत, न्यूयॉर्कच्याच साउथ ब्रॉन्क्स भागातल्या लायब्ररी प्रकल्पात पुन्हा बाहुल्या घेऊन उभ्या. आज त्यांच्या नावाने 1996पासून लॅटिनो लेखक-चित्रकारांना बालपुस्तकांसाठी पुरस्कार दिला जातो.

इथे जरा विषय सोडून बोलते, पण बोलणारच. आपल्याकडे कितीतरी वाचनालयांत पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपाआड असतात, किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. सात वर्षांच्या पोराने पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केल्याशिवाय त्याला ते हवंय की नको हे कळणार कसं? फाटलं तर चिकटवू की! मुलांच्या खोलीत गडबड असायलाच पाहिजे. असो, परत येते विषयावर.

तर आज तिकडे काय काय चालतं, भराभर सांगते. दोन भाषांतला स्टोरीटाइम तर गावोगावच्या लायब्रऱ्यांत असतो, आणि जिथे तो चांगला चालतो तिथे वयाची अट नसते, कारण या घरांत तीन वर्षांचं, नऊ वर्षांचं आणि आजी अशी एकत्रच येतात, एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर बसवलंत तर सगळेच घरी जातील. वेळ संध्याकाळची नाहीतर रविवारची, आईबाप दोन-दोन कामं करतात, सकाळी दहाला कोण येणार. मग लोतेरिया, मेक्सिकोचा चित्रांचा खेळ, अगदी आपल्या हाऊजीसारखा, फक्त आकड्यांच्या जागी कोंबडा, चंद्र, शिडी अशी चित्रं, 54 पत्ते, प्रत्येकाच्या पाटीवर 16 चित्रं, आणि चित्र पुकारलं की त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा. ज्या आजीला वाचता येत नाही तीसुद्धा पहिल्या डावापासून खेळते, म्हणून मला हा कार्यक्रम फार आवडतो.

30 एप्रिल मेक्सिकोत बालदिन. कवयित्री पॅट मोरा यांनी 1996 साली त्याला पुस्तकं जोडली आणि अमेरिकेत ‘मुलांचा दिवस, पुस्तकांचा दिवस’ सुरू केला, आता देशभरच्या लायब्रऱ्या तो करतात. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या लायब्ररीत तर नवीन आलेल्यांसाठी 1977पासून वेगळा विभागच आहे, इंग्रजीचे वर्ग, नागरिकत्वाची माहिती, त्यांच्या भाषांतली पुस्तकं. आणि शिकागोच्या लायब्ररीवाल्या तर कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटमध्ये जाऊन गोष्टी सांगतात! मशीन फिरतंय, आईला हलता येत नाही, पोरं कंटाळलेली, तिथेच चटई टाकायची आणि पुस्तक उघडायचं. पुराबाईंनी केलं तेच. आधी आपण जायचं, मग माणसं येतात.

दोन अडचणी मात्र मोठ्या. एक म्हणजे दंडाची भीती, पुस्तक हरवलं तर केवढ्याला पडेल या धाकाने आई कार्डच काढत नाही. न्यूयॉर्कने 2021मध्ये उशिराचा दंड रद्द केला, फार चांगलं केलं. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे अजून द्यावे लागतात, पण परत आणून दिलं की मिटलं. दुसरी भीती कागदपत्रांची. सरकारी इमारत दिसली की ज्यांच्या कागदांचा घोळ आहे ती माणसं दारातूनच परत फिरतात. म्हणून हे आपल्या तोंडाने सांगायला हवं की सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड काढायला व्हिसा लागत नाही, तुम्ही तिथे राहता याचा साधा पुरावा लागतो, आणि कोणता पुरावा चालेल हे त्या त्या लायब्ररीत विचारायचं. पाटी लावून हे काम होत नाही. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, स्पॅनिश रेडिओवर ओळखीच्या आवाजाने सांगितलं की होतं.

आता अमेरिकेत ऐकणाऱ्यांसाठी. तुमच्या शाखेत 30 एप्रिलचा कार्यक्रम असेल तर पोरांना घेऊन जा, सगळ्यांना खुला असतो. आणि आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत, दिवसभर घरात बसून कंटाळलेत, तर त्यांनाही न्या, लोतेरियाच्या टेबलावर बसवा, भाषेची अडचण येत नाही. येताना काउंटरवर विचारा की मराठी गोष्टींचा तास घ्यायचा असेल तर कोणाला भेटायचं. महाराष्ट्रात ऐकताय त्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन मुलांच्या कपाटाची किल्ली मागा. पुढच्या वेळी फिरत्या वाचनालयांबद्दल बोलू. नमस्कार.