२४०१ काप
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: टेबलावर आरसा. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी. पुठ्ठ्याच्या आडोशामागे पेन्सिल धरलेला हात.]

या मुलीला स्वतःचा हात दिसत नाहीये. दिसतंय ते आरशातलं प्रतिबिंब, तेवढंच. दोन रेषांच्या मधून, कुठेही रेषा न ओलांडता, तिला ही चांदणी गिरवायची आहे. सोपं वाटतंय ना? आता कोपरा येतोय, बघा. हात बरोब्बर उलट्या दिशेला गेला.

[दृश्य: एकापाठोपाठ एक कागद, वेगाने.]

पहिल्या कागदावर नुसत्या रेघोट्या. पण हळूहळू हात बसत जातो. चुका कमी होतात, वेळही कमी लागतो. काल केलेलं आज उपयोगी पडतं. म्हणजे कालचं काहीतरी मेंदूत शिल्लक राहिलंय. कुठे, आणि कशाच्या रूपात?

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. तरुण हेन्री.]

अशीच चांदणी ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी एका रुग्णासमोर ठेवली होती. सलग तीन दिवस. तिन्ही दिवस त्याचा हात सुधारत गेला. आणि असलं काही आपण आधी केल्याचं त्याला एकदाही आठवलं नाही. हाताला आठवत होतं, त्याला नाही.

त्याचं नाव हेन्री मोलेसन. तो जिवंत असेपर्यंत मात्र जगाला तो 'एच. एम.' या दोनच अक्षरांनी माहीत होता. जन्म १९२६, अमेरिकेतलं कनेटिकट राज्य. लहानपणापासून फिट्स यायच्या, पुढे इतक्या की काम करणंही अशक्य झालं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा एक आतला भाग काढून टाकला.

[दृश्य: शरीररचना विभाग. स्टीलच्या ट्रेमध्ये मेंदू. हातमोजे घातलेले हात, चिमटा.]

तो भाग हा. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत तो सहसा दिसत नाही, कारण बाहेरून दिसण्याजोगा नाहीच. कानाच्या पातळीला, खोल आत, घडी पडल्यासारखा बसलेला. वरचे थर असे बाजूला केले, की हा वळलेला तुकडा मोकळा होतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून १५८७ मध्ये इटलीतल्या आरांझी या शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याला हिप्पोकॅम्पस हे नाव दिलं. उजवीकडे एक, डावीकडे एक. हेन्रीचे दोन्हीकडचे मोठे तुकडे गेले, त्यांच्या आसपासचा भाग आणि भावनांशी जोडलेला अमिग्डालाही गेला.

[दृश्य: हेन्रीचं उतारवयातलं छायाचित्र. चार सेकंद. निवेदन नाही.]

फिट्स कमी झाल्या. नव्या माणसांची ओळख त्यानंतर राहीना.

[दृश्य: फळ्यावर खडूने ५, ८, ४.]

पण बुद्धी शाबूत होती. बोलणं नीट, विनोद कळायचे, लहानपणच्या गोष्टी सांगायचा. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. तो पंधरा मिनिटं शांत बसला आणि आकडा बरोबर सांगितला. कसं जमलं? तर बेरीज १७. आठ लक्षात ठेवायचा, १७ मधून वजा केला की उरतात नऊ. नऊचे दोन भाग, पाच आणि चार. झालं, ५८४. हिशेब मनात फिरवत राहिला तोवर आकडा टिकला. मिनिटभर लक्ष दुसरीकडे वळलं, तर आकडा गेला, हिशेब गेला, आणि असा काही आकडा दिला होता हेही गेलं.

[दृश्य: मेंदूची फिरती प्रतिमा. एकेक भाग उजळतो.]

एका माणसाच्या या चाचण्यांनी स्मृतीचे सुटे सुटे भाग पहिल्यांदा इतके स्पष्ट दाखवले. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा शोधनिबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला. आत्ता, या क्षणी मनात धरून ठेवलेलं वेगळं. त्यात कपाळामागचा भाग राबतो. हाताला लागलेलं वळण वेगळं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांत आणि मागच्या लहान मेंदूत मुरतं. आणि 'काल काय झालं', 'ही कोण' ही जी आठवण आपण शब्दांत सांगू शकतो, ती नव्याने तयार होताना हिप्पोकॅम्पस लागतो. जुनी आठवण मात्र मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून बसलेली असते. म्हणून तर हेन्रीचं बालपण वाचलं.

[दृश्य: काचेच्या टाकीत समुद्री गोगलगाय, अप्लिजिया. काचकांडीचा स्पर्श, कल्ला आत ओढला जातो.]

आता आणखी खाली उतरू, एका पेशीपर्यंत. ही अप्लिजिया. हिच्याकडे जेमतेम २० हजार चेतापेशी आहेत, आपल्याकडे सुमारे ८६ अब्ज. पण हिच्या पेशी मोठ्या, ओळखून नाव देता येईल इतक्या. एरिक कँडेल या मेंदूशास्त्रज्ञांनी म्हणूनच हिला निवडलं. शेपटीला एकदा धक्का दिला, की काही काळ ती साध्या स्पर्शालाही दचकते. हा परिणाम लवकर ओसरतो, कारण तेव्हा पेशींमधला जुनाच सांधा तेवढ्यापुरता जास्त रसायन सोडत असतो. तेच धक्के थांबून थांबून, पुन्हा पुन्हा दिले, तर दचकणं आठवडेच्या आठवडे टिकतं. आता पेशीच्या केंद्रकातली जनुकं कामाला लागलेली असतात, नवी प्रथिनं बनतात, आणि पेशी नवे सांधे फोडते. आठवण टिकते ती अशी, मेंदूची बांधणी बदलून. कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगायीला अर्थातच काही नाही.

[दृश्य: उंदीर पट्टीवरून धावतो. पडद्यावर ठिपके. टकटक आवाज.]

हा आवाज ऐका. एकेक टक म्हणजे उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एका पेशीचा एक विद्युतस्पंद. १९७१ मध्ये जॉन ओकीफ या मेंदूशास्त्रज्ञांनी दाखवलं, की इथली ठरावीक पेशी उंदीर ठरावीक जागी आल्यावरच बोलते. इथे एक, पुढच्या वळणावर दुसरी, टोकाला तिसरी.

[दृश्य: उंदीर झोपलेला. तोच आवाज, दाट आणि भरभर.]

आता तो झोपलाय. आणि त्याच पेशी, त्याच क्रमाने, पण कित्येक पट वेगाने बोलतायत. दिवसभराचा रस्ता मेंदू आतल्या आत पुन्हा चालून घेतोय. गाढ झोपेतल्या या उजळणीत हिप्पोकॅम्पस बाहेरच्या थराला नवा अनुभव पुन्हा पुन्हा ऐकवतो, आणि हळूहळू आठवण तिकडे घट्ट होत जाते, असं आज मानलं जातं. रात्रभर जागून परीक्षेला बसणाऱ्यांनी हा उंदीर एकदा जरूर बघावा.

आठवताना काय होतं, याचं चित्रीकरण करणं अवघड, म्हणून थोडक्यात. प्रसंगाचा रंग एकीकडे, आवाज दुसरीकडे, भीती तिसरीकडे. आठवताना हे सगळं पुन्हा जुळवलं जातं, आणि जुळवताना बदलतंही. साक्षीदार शपथेवर सांगतो तेही असंच जुळवलेलं असतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. गोठवलेला ठोकळा, रुंद पातं, ब्रश.]

आता हे पातं बघा, कारण आपल्याला सांगायचंय ते इथे आहे.

हेन्री २ डिसेंबर २००८ रोजी, ८२ व्या वर्षी गेला. १९९२ मध्येच त्याने मेंदूदानाच्या कागदावर सही केली होती, सोबत कोर्टाने नेमलेल्या पालकाची. इतकी स्मृती गेलेल्या माणसाची संमती कितपत खरी, यावर पुढे वाद झाला. मृत्यूच्या रात्रीच बोस्टनमध्ये त्याच्या मेंदूचे तासन्‌तास स्कॅन घेतले गेले. मग तो फॉर्मलिनमध्ये घट्ट केला गेला आणि विमानाने सॅन डिएगोला, याकोपो आनेसे या मेंदूशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पोहोचला.

[दृश्य: वरून कॅमेरा. पातं सरकतं, पातळ काप गुंडाळत वर येतो.]

२ डिसेंबर २००९. बरोबर एक वर्षाने कापायला सुरुवात. प्रत्येक काप ७० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण एका केसाइतका. आधी गोठवलेल्या मेंदूच्या ठोकळ्याच्या पृष्ठभागाचं छायाचित्र, मग पात्याची एक फेरी, मग ब्रशने काप अलगद उचलायचा, द्रावणाच्या खणात क्रमवार ठेवायचा, आणि पुन्हा छायाचित्र. ठोकळा ना वितळून चालणार, ना जास्त गोठून. वितळला तर काप फाटतो, कडक झाला तर चिरतो. एक काप हरवला तर तो दुसरा मिळणार नाही. हे ५३ तास चाललं आणि इंटरनेटवर थेट दिसत होतं. सुमारे ४ लाख लोकांनी ते पाहिलं.

[दृश्य: शेवटचा काप. हात थांबतात. निवेदन नाही.]

एकूण २४०१ काप.

[दृश्य: काचपट्ट्या, रंगवलेले काप, संगणकावर उभा राहिलेला त्रिमितीय मेंदू.]

२०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग शिल्लक होता. शस्त्रक्रियेच्या वेळी अंदाज होता, की साधारण आठ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा भाग काढला गेला. नव्वदच्या दशकातल्या स्कॅनमध्येच ती पाचच्या आसपास दिसली होती. आता पेशीनिशी खात्री झाली. शिवाय कपाळामागे, डाव्या बाजूला एक छोटी इजा सापडली. त्याच्या हयातीत ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पन्नास वर्षं त्याच्यावर लिहिलेलं सगळं या मापांशी पुन्हा ताडून बघावं लागलं. मेंदू हातात आला नसता, तर हे कळलं नसतं.

[दृश्य: मेंदूपेढी. शीतकपाटांची रांग, एक उघडलेला खण.]

दान केलेले मेंदू जपून ठेवणाऱ्या अशा पेढ्यांना आजारी मेंदू लागतात, तसे निरोगीही लागतात. तुलना करणार कशाशी? आणि निरोगी माणसांचे मेंदूच कमी मिळतात, कारण आपल्या मेंदूत बघण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटतं. देहदानाचा अर्ज भरला म्हणजे यातही नाव आलं, असं नसतं. मेंदूदानाची नोंद बहुतेक ठिकाणी वेगळी करावी लागते. मृत्यूनंतर काही तासांतच ऊती बिघडायला लागतात, म्हणून पेढीला कळवायचं ते लगेच. तो फोन घरच्यांनाच करावा लागतो. तेव्हा नोंदणी करताना पेढीचा नंबर त्यांच्याकडेही देऊन ठेवा.