डावं चार, पुढे आवळतंय

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की सोलापुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शाळांना सुट्टी, बाहेर ४२ अंश, आणि घराघरांत पोरं संगणकापुढे बसलेली. त्यातले बरेच जण गाड्यांच्या शर्यती खेळतात. त्यातल्याच एका प्रकाराविषयी, रॅलीविषयी, आज बोलायचं आहे. ट्रॅकवरच्या शर्यतीत सगळ्या गाड्या एकत्र सुटतात. रॅलीत एक गाडी सुटते, मग एक-दोन मिनिटांनी दुसरी. रस्ता कधी जंगलातला, कधी डोंगरातला, कधी बर्फातला, आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी. शेजारच्या सीटवर सहचालक बसतो आणि वहीतून पुढची वळणं वाचून सांगतो.

हा खेळ कानांनी खेळायचा आहे. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच, म्हणून ती पुन्हा सांगतो: रॅली कानांनी खेळायची.

नवा खेळाडू पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, "गाडी हातात राहतच नाही, नुसती घसरते." पंधरा दिवस चिकाटीने खेळलेला माणूस वेगळं सांगतो: "गाडी ठीक आहे, मीच उशिरा ऐकत होतो." दोघांमधला फरक समजायला सहचालकाचं एकच वाक्य घेऊ. "लेफ्ट फोर, टाइटन्स टू, डोन्ट कट." लेफ्ट म्हणजे डावं. चार हा आकडा वळण किती तीव्र आहे ते सांगतो. डर्ट रॅलीसारख्या खेळांत सहा म्हणजे जवळपास सरळ, पाय न उचलता जाता येईल असं वळण. आकडा उतरतो तसं वळण आवळतं. एक म्हणजे फारच तीव्र, आणि त्याही पलीकडे हेअरपिन, घाटात गाडी उलटी फिरते तसं. टाइटन्स टू म्हणजे शिरताना चार असलेलं वळण पुढे आवळून दोन होतं. डोन्ट कट म्हणजे आतली कड कापू नका, तिथे दगड, ओंडका नाहीतर चर आहे. मध्येच नुसतं शंभर किंवा पन्नास ऐकू आलं तर ते पुढच्या वळणापर्यंतचे मीटर.

चूक इथे होते. खेळाडू "फोर" एवढंच ऐकतो, चारच्या हिशेबाने ब्रेक मारतो आणि वळणात शिरतो. "टाइटन्स टू" कानावर पडतं, पण हात तोवर गुंतलेले असतात. गाडी सरळ झाडात. ब्रेक मारायचा तो दोनसाठी, चारसाठी नाही. वाक्य पुरतं ऐकायचं, मग पाय हलवायचा. शिवाय सहचालक एक वळण पुढचं बोलत असतो. तुम्ही पहिल्या वळणात असता तेव्हा तो दुसरं वाचतो, म्हणजे हातात एक वळण आणि डोक्यात दुसरं ठेवावं लागतं. आपल्याकडे यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कारखान्यातल्या त्या गोंगाटात कोणत्या मागाचा आवाज बदलला हे त्याचा कान बरोबर टिपतो, मान न वळवता.

म्हणून खेळ बसवला की सगळ्यात आधी आवाजाची मांडणी करा. संगीत पूर्ण बंद, सहचालक १००, इंजिन ६०च्या आसपास. इंजिन अगदी बारीक करू नका, गिअर कधी बदलायचा ते त्याच्याच आवाजावरून समजतं. हेडफोन असतील तर उत्तम. सहचालकाने लवकर बोलावं की उशिरा, हे ठरवायची सोय काही खेळांत असते. तिथे सुरुवातीला "लवकर" ठेवा.

आता घसरण्याविषयी. गावाकडच्या मुरमाच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही की सुट्या मुरमावर, वळणात, पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. इथेही तेच. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि पुढची चाकं रस्ता धरतात. ब्रेक हळूहळू सोडत स्टीअरिंग वळवा, गाडीचं नाक आत येईल. नाक आत आलं की थोडा ॲक्सिलरेटर. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही. हँडब्रेक फक्त हेअरपिनला, तोही क्षणभर. नवीन पोरं प्रत्येक वळणावर हँडब्रेक ओढतात, म्हणून त्यांचा वेळ जातो.

पहिली गाडी कमी ताकदीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी घ्या. डर्ट रॅलीत मिनी कूपर एस किंवा लान्सिया फुल्विया आहे, त्यातली एक निवडा. १९८०च्या दशकातल्या ग्रुप बी या प्रचंड ताकदीच्या रॅली गाड्यांचा मोह सगळ्यांना होतो. पण त्या गाड्या इतक्या भयानक होत्या की जीवघेण्या अपघातांनंतर १९८७पासून जागतिक स्पर्धेतून त्या बंदच केल्या. शिकायला त्या नकोत.

साधनांचं थोडक्यात. कीबोर्डवर ब्रेक एकतर पूर्ण असतो नाहीतर मुळीच नसतो, त्यामुळे मुरमावर त्याचा उपयोग नाही. साधा गेमपॅडही चालतो, कारण त्याचं बटण हळूहळू दाबता येतं. स्टीअरिंग व्हील असेल आणि ते ९०० अंश फिरणारं असेल, तर रॅलीसाठी ५४० अंशांवर आणा, नाहीतर घसरलेली गाडी सावरायला हात पुरणार नाहीत. चित्राच्या झगमगाटापेक्षा सेकंदाला साठ चौकटी स्थिर मिळणं महत्त्वाचं. सावल्या, प्रेक्षकांची गर्दी आणि प्रतिबिंबं कमी करा, वेगात चित्र धूसर करणारं मोशन ब्लर बंद करा. २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूआरसी या रॅलीच्या खेळाबद्दल खेळाडूंची सगळ्यात मोठी तक्रार चित्र मध्येच अडखळण्याचीच होती. ब्रेक मारायच्या नेमक्या क्षणी चित्र थबकलं तर कितीही चांगला कान असून भागत नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात कॅबिनेट भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा आणि जाळीवरची धूळ काढा.

पेडल फरशीवरून सरकतात, हा घरोघरचा अनुभव. पेडलचा पाया भिंतीला टेकवा आणि मध्ये जुन्या चादरीची घडी ठेवा, म्हणजे भिंतीचा रंग जात नाही. चाकांची खुर्ची नको. जोरात ब्रेक दाबला की खुर्चीच मागे पळते. चादरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी आपलीच माणसं स्वस्त पडते म्हणून बाहेरून आलेली नक्कल उचलतात. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चादर आपल्या मागावरची घ्यावी. असो.

आता ज्या गोष्टीसाठी इतकं सगळं सांगत आलो, ती गोष्ट.

२२ ते २४ नोव्हेंबर १९९८. ग्रेट ब्रिटनची रॅली, हंगामातली शेवटची. जागतिक विजेतेपदासाठी दोघे उरलेले. एक फिनलंडचा टॉमी मॅकिनेन, मित्सुबिशी लान्सरमध्ये. दुसरा स्पेनचा कार्लोस साइन्झ, टोयोटा करोलामध्ये. फॉर्म्युला वनमध्ये याच नावाचा जो तरुण आहे, त्याचे हे वडील. रॅलीआधी मॅकिनेनचे गुण ५८ आणि साइन्झचे ५६. त्या काळी पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ४, ३, २, १ असे गुण मिळत.

पहिल्याच दिवशी मॅकिनेनचा खेळ आटोपला. त्याच रस्त्यावरून आधी जुन्या गाड्यांची रॅली गेली होती. त्यातल्या एका हिलमन इंपचं तेल रस्त्यावर सांडलं होतं. मॅकिनेनची गाडी त्या तेलावरून घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्याला धडकली आणि मागचं चाक निखळलं. तो गडी तीन चाकांवर पुढे निघाला. सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली, आणि तिथेच त्याची रॅली संपली.

आता साइन्झचा हिशेब बघा. ५६ होते. चौथा आला तर ३ मिळून ५९, म्हणजे मॅकिनेनपेक्षा एक जास्त, आणि जगज्जेता. पाचवा आला तर ५८, बरोबरी, आणि बरोबरीत मॅकिनेनच पुढे, कारण त्या हंगामात त्याने पाच रॅली जिंकल्या होत्या आणि साइन्झने दोन. म्हणजे रॅली जिंकायची गरज नाही. दुसरं नको, तिसरंही नको. फक्त चौथं यायचं आणि गाडी शेवटपर्यंत पोचवायची.

१९९० आणि १९९२ असा दोनदा जगज्जेता झालेला हा माणूस. गाडी कशी जपायची हे त्याला कोणी शिकवायला नको. त्याच्या शेजारी लुईस मोया, वर्षानुवर्षांचा सहचालक, दोन्ही विजेतेपदांचा साथीदार. दोघांनी चौथा क्रमांक धरून ठेवला. वेल्समधला चिखल, पाऊस, जंगलातले गुळगुळीत रस्ते, सगळं पार केलं. उरला शेवटचा टप्पा, मार्गम. तोही संपत आला.

शेवटची रेषा पाचशे मीटरवरही नव्हती. हजारो किलोमीटरचा हंगाम, आणि उरलं काय, तर आपल्या पार्क चौकात उभं राहून पलीकडची दुकानं दिसावीत एवढं अंतर. तिथे इंजिनमधून धूर आला. कनेक्टिंग रॉड तुटला होता. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारा तो दांडा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर हा दांडा सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. तो तुटला की इंजिन संपलं. तिथे पाना, पक्कड, काही चालत नाही. करोला थांबली.

ती दृश्यं कॅमेऱ्यात आहेत. मोया ओरडतो आहे, गाडी सुरू करायचा प्रयत्न कर म्हणून. साइन्झ प्रयत्न करतो. काही होत नाही. बॉनेटमधून धूर निघतो आहे. दोघे खाली उतरतात. मोया संतापाने आपलं हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर आपटतो आणि काच फुटते. साइन्झ सुन्न. चूक कोणाचीच नाही. ना चालकाची, ना वाचणाऱ्याची.

तिकडे मॅकिनेन हॉटेलवर होता, सगळं संपलं असं समजून घरी जायच्या तयारीत. त्याला कळवावं लागलं की तू जगज्जेता झालास. सलग तिसऱ्यांदा. ५८ विरुद्ध ५६. रॅलीआधी जे गुण होते तेच.

खेळ शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी, कारण खेळातही शेवटचे पाचशे मीटरच खातात, फक्त कारण वेगळं असतं. तिथे इंजिन तुटत नाही, कान बंद होतो. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ हिरवी दिसते, आपण पुढे आहोत हे कळतं, आणि खेळाडू त्या आकड्याकडे बघायला लागतो. सहचालक "कॉशन", म्हणजे सांभाळून, म्हणतो, ते ऐकूच येत नाही. उपाय साधा आहे, टप्प्यातली वेळ पडद्यावर दाखवणं बंदच करा. रेषा ओलांडल्यावर ती कळणारच आहे. आणि समोरून धडक बसून रेडिएटर गेला असेल, इंजिन तापायला लागलं असेल, तर एक गिअर वरचा ठेवा, फेरे कमी होतील आणि गाडी पोचेल. चौथा क्रमांक पण पोचलेला.

आता ती ब्रिटनची रॅली जिंकली कोणी? मॅकिनेनचाच संघसोबती, रिचर्ड बर्न्स. पुढे २००१मध्ये तो जगज्जेता झाला. २००४मध्ये त्याच्या नावाचा संगणकावरचा खेळ आला, रिचर्ड बर्न्स रॅली, आणि त्यात सूचना वाचणारा आवाज रॉबर्ट रीडचा, बर्न्सच्या खऱ्या सहचालकाचा. बर्न्स २५ नोव्हेंबर २००५ रोजी मेंदूच्या गाठीने गेला, विजेतेपद मिळवल्यानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला. खेळ मात्र राहिला. वीस वर्षं उलटली तरी हौशी मंडळी त्यात नवे रस्ते आणि नव्या गाड्या घालत आहेत. गाडीच्या वागण्याचा खरेपणा हवा असेल तर जाणते खेळाडू अजून त्याचंच नाव घेतात. चित्र जुनं आहे, साध्या संगणकावरही चालतं. आपल्याकडे रॅलीला वर्तमानपत्रांत चार ओळी मिळत नाहीत. २०१९मध्ये रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला, तोही कितीजणांना माहीत आहे?

बर्न्सच्या नावाच्या त्या खेळात सहचालकाच्या आवाजाच्या फायली बदलता येतात. जगभर लोक आपापल्या भाषेत त्या करून घेतात. मराठीत करायच्या असतील तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. "डावं" आणि "उजवं" चांगले वेगळे ऐकू येतात. पण "दोन" आणि "तीन" हे दोन्ही शेवटी न वर येतात, इंजिनाच्या आवाजात गल्लत होते, म्हणून "दो...न" लांबवून आणि "तीन" तोडून म्हणा. टाइटन्सला "आवळतंय", ओपन्सला, म्हणजे वळण पुढे सैल होतं तिथे, "सुटतंय". जंप मात्र जंपच राहू द्या. प्रत्येक शब्द एका सेकंदाच्या आत, एका पट्टीत, पंखा बंद करून ध्वनिमुद्रित करा. घरात ज्याचा आवाज खणखणीत असेल त्याला बसवा, आजी असली तरी चालेल. आणि पहिल्या दिवशी एकच टप्पा, मिनी कूपर, सहचालक १००, "डावं चार, पुढे आवळतंय दोन, कापू नको".

नमस्कार.