कोडी गावातली चार जुलै

मंडळी, पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंड्याची गाठ बांधली. सरपंचांनी दोरी ओढली आणि गाठ सुटलीच नाही तर, ही धास्ती काय असते ते इथं बसलेल्या गुरुजनांना मी सांगायला नको. त्यामुळे डेन्व्हरहून यलोस्टोनला निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, मुक्काम कोडीत," तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? झेंडावंदन किती वाजता!

झेंडावंदन नव्हतंच. वायोमिंग राज्यातलं हे दहा हजार वस्तीचं गाव. ज्यांनी ते वसवलं त्यांत बफेलो बिल कोडी हा मुख्य. हा गडी घोडेस्वार, नेमबाज, अमेरिकी गवे असा सगळा लवाजमा घेऊन देशोदेशी खेळ करत फिरायचा. १८८७ साली लंडनला जाऊन आला. खेळवाल्याचं गाव, म्हणून स्वातंत्र्यदिनही खेळासारखाच. १९१९ पासून तिथं या दिवसांत 'स्टँपीड' नावाचा रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्याबैलांवर बसायचा खेळ, भरतो.

आदल्या संध्याकाळीच रस्त्याच्या कडेला लोकांनी घडीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. रिकाम्या. आपण यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच. फरक इतकाच की सकाळी प्रत्येकाची खुर्ची जागेवर होती.

मग मिरवणूक. घोडे, जुने ट्रॅक्टर, अग्निशमनाचा बंब, शाळेचं बँडपथक. निवडणुकीला उभे असलेले पुढारी पायी चालत हात मिळवत होते. मुलांच्या अंगावर गोळ्या उधळल्या जात होत्या आणि मुलं पिशव्या भरत होती. आमच्या शाळेत माणशी एक लिमलेट, तीसुद्धा रांगेत! घोड्यांच्या मागून फावडं घेऊन शेण उचलणारा आला, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. ना मंडप, ना प्रमुख पाहुणे, ना "दोन शब्द". युद्धावरून परतलेले म्हातारे सैनिक गाडीतून आले, तेव्हा मात्र कुणी न सांगता सगळी कड उभी राहिली. "सावधान" ओरडून ओरडून माझा घसा गेला आहे, मंडळी. मला त्या गावाचा हेवा वाटला.

शेजारी टोपीवाले एक आजोबा होते. कुठले, विचारलं. इंडिया म्हटल्यावर हसले. म्हणाले, इंग्रजांना आम्ही आधी घालवलं, तुम्ही नंतर. आणि हातातलं कागदी निशाण मला दिलं. आता पाहुण्यानं दुसऱ्याचं निशाण हलवावं का? मला ठरवता येईना. खिशात ठेवलं.

संध्याकाळचा रोडिओ थोडक्यात सांगतो. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हातानं धरून आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात बैलाला लागला की बाद. बैलगाडा शर्यत पाहिलेल्या माणसाला यात नवल फक्त एवढंच, की तिथं माणूस बैलावर बसतो. खेळाआधी राष्ट्रगीत झालं, हजारो टोप्या एकदम उतरल्या. माझे हात सवयीनं मांडीला चिकटले.

खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. गावातून उत्तरेला एक डोंगर दिसतो, हार्ट माउंटन. त्याच्या पायथ्याशी, गावापासून वीसेक किलोमीटरवर, १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत एक छावणी होती. जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे सव्वा लाखाच्या आसपास लोक घरांतून उचलले आणि अशा दहा छावण्यांत कोंडले. गुन्हा नाही, खटला नाही. एकट्या हार्ट माउंटनला एका वेळी १०,७६७ माणसं होती. म्हणजे आजच्या कोडीपेक्षा मोठं गाव, डांबरी कागद मारलेल्या बराकींत, भोवती काटेरी तार. त्यातले सुमारे दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक. त्यांच्या आईबापांना नागरिक व्हायची सोयच नव्हती. ती १९५२ साली झाली. आपली गत निराळी नव्हती बरं का. १९२३ साली तिथं राहणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरवला, तो दरवाजा १९४६ ला उघडला. आज माझी मुलगी तिथं घर घेऊन राहते!

याच छावणीतल्या पोरांना सैन्यभरतीची नोटीस आली. बरेच गेले, लढले. त्यांच्या नावांचा फलक तिथं आहे. काही म्हणाले, आधी आमचे हक्क परत द्या, मग येतो. त्यांतल्या ६३ जणांवर राज्याच्या राजधानीत, शायेनला, एकत्र खटला चालला, तुरुंगवास झाला. १९४७ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं त्यांना माफी दिली. दोघांपैकी देशभक्त कोण, हे मला वर्गात विचारलं असतं तर मी दोघांनाही पैकीच्या पैकी दिले असते.

छावणीत नॉर्मन मिनेटा नावाचा सॅन होजेचा मुलगा होता. कोडीचे बालवीर तारेच्या आत भेटीला आले, तेव्हा अ‍ॅलन सिम्पसन नावाच्या मुलाबरोबर त्याची जोडी लागली. दोघांनी एक तंबू ठोकला आणि भोवती चर असा खणला, की पावसाचं पाणी खालच्या एका दांडगट पोराच्या तंबूत जावं. पुढे मिनेटा प्रतिनिधिगृहात गेला, सिम्पसन सिनेटमध्ये. पक्ष वेगळे. १९८८ चा कायदा झाला, सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले, त्यामागे ही दोघंही उभी होती.

घर सोडून आगगाडीत चढताना दहा वर्षांच्या मिनेटाच्या हातात बेसबॉलची बॅट होती. शिपायांनी ती काढून घेतली. मारायला वापरशील म्हणाले. मिनेटा खासदार झाल्यावर एका माणसानं ही हकिगत ऐकून त्याला नामांकित खेळाडूंच्या सह्यांची बॅट पाठवली. पण ती इतकी महागाची निघाली, की भेटवस्तूंच्या नियमापायी त्याला परत करावी लागली. सरकारनं दुसऱ्यांदा माझी बॅट नेली, असं तो हसत सांगायचा.

ते संग्रहालय पाहून बाहेर आलो. दवाखान्याचं विटांचं धुराडं अजून उभं आहे, पलीकडे तो डोंगर, आणि वारा भणाणत होता. खिशात हात घातला, तर कालचं निशाण. मुलगी म्हणाली, "बाबा, टाकू नका हं इथं." मी कशाला टाकतोय! पण लावायचं कुठं, तेही सुचेना. घरी आहे ते अजून, पंचांगात ठेवलंय.