टोपलीखालची पिल्लं

नमस्कार श्रोतेहो. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणवीसांचं गाव ही त्याची जुनी ओळख. आता लोक तिथे जातात ते कासवांसाठी.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर चढते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. मागे उरतो तिच्या पायांचा माग. तो ओळखणारी नजर गावात होतीच. पण पूर्वी माग दिसला की अंडी जायची खायला, नाहीतर विकायला. उरलीसुरली कुत्री-कोल्ही उकरायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे संवर्धन सुरू केलं, ते गावकऱ्यांना हाताशी धरून. पहारेकरी बाहेरून आणले असते तर हे काम दोन हंगामसुद्धा टिकलं नसतं, असं मला वाटतं.

कासवमित्र, म्हणजे हे काम करणारा गावकरी, पहाटे किनारा पायी फिरतो. घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, वरची बाजू खाली होऊ द्यायची नाही, आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरायची. वर टोपली पालथी. पन्नास-पंचावन्न दिवसांनी तिथली वाळू किंचित खचते. टोपली उचलावी, तर तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात! त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत; पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. पाण्यापर्यंत त्यांची ती चालत जातात.

२००६ पासून गावात कासव महोत्सव भरतो. पाहुणे उतरतात गावकऱ्यांच्याच घरी, जेवतातही तिथेच. कासवाचा पैसा असा थेट स्वयंपाकघरात पोचला. अंड्यांपेक्षा पिल्लू मोलाचं, हे मग कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

गर्दीची धास्ती मात्र आहे. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, आणि आपण नेमके मोबाइलचे दिवे पेटवून उभे! वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं. तापलेल्या वाळूत माद्याच अधिक निपजतात. वाढत्या उन्हाळ्याचं काय करायचं, हे एकट्या गावाच्या हातात नाही.

तुम्ही जाल तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून जा. एखाद्या सकाळी सगळ्या टोपल्या उचलून होतात आणि खाली नुसती वाळू असते. अशा वेळी कासवमित्रावर चिडू नका. तो बिचारा संध्याकाळी पुन्हा बघणारच असतो. नमस्कार.