रंग सोडा, छेद वाचा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'भंगारातलं लाकूड कसं ओळखावं'. त्याकडे येतोच, पण आधी एक दुखणं सांगू द्या. ते नसतं तर मी इथे उभा राहिलो नसतो.

आपल्याकडे कोल्हापुरात जुना वाडा उतरवला की तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या रस्त्यावर येतात. सागवान तेवढं बाजूला निघतं, त्याला घनफुटाचा भाव. बाकी सगळ्याला एकच नाव, जंगली. जंगली वजनावर विकायचं आणि ते जातं बंबात. शुक्रवार पेठेत असाच एक वाडा उतरत होता. काजळी धरलेली एक तुळई वेगळी पडलेली. उतरवणारा म्हणाला, "काका, जंगली हाय त्ये. पाणी तापवायला न्या." मी टोक तासून चार ढलप्या खिशात घातल्या आणि घरी ग्लासभर पाण्यात भिजवल्या. सकाळी पाणी तांबूस-पिवळं झालेलं, आणि ग्लास काळ्या कापडापुढं उन्हात धरला तर कडेला निळी झाक! बिबळा! मधुमेहासाठी म्हणून ज्याचे पेले विकतात, तो. त्याचं औषधीपण डॉक्टरांवर सोडू. लाकूड म्हणून मात्र टिकायला सागाच्या तोडीचं. धावत परत गेलो, तर तुळई फोडून सरपण झालं होतं.

हात वर करा, कुणाकुणाच्या घरी अजून बंब आहे? बघा, किती हात! गेल्या हिवाळ्यात त्यात काय काय गेलं असेल, याचा विचार करा.

राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडच्या रानात ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा आहेत. घरं बांधणाऱ्यांनी जवळचं लाकूड वापरलं, आणि कुठं काय लावायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विहिरीच्या तळाच्या कड्याला जांभूळ, कारण ते पाण्यात टिकतं. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ. ती नावं दोन पिढ्यांत गेली, याचा मला खरोखर राग येतो.

आणि रंग फसवतो. धूर, तेल, ऊन यांनी सगळी तुळई एकसारखी दिसते. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेलं लाकूड लोहाच्या पाण्यात किंवा खिळ्याभोवती काळंनिळं पडतं. म्हणून 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठाला काळा ओंडका दिसला की लगेच 'शिसव, शिसव'! त्यावर आधी रंधा मारा, मग बोला.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

टोकाचा आडवा छेद दाढीच्या नव्या पात्यानं साफ करा. सँडपेपर मारू नका, भुसा छिद्रांत भरतो. थोडं पाणी लावा आणि गुजरीत सोनार वापरतात ते दहापट भिंग डोळ्याला लावा. मोठी छिद्रं वाढीच्या वलयात ओळीनं लागली असतील तर साग, तून किंवा नाणा. साग हाताला तेलकट आणि वासाला चामड्यासारखा. तून हलकं, तांबूस, सुगंधी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला तेच घेतात. नाण्याला तेलकटपणा नाही.

छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतील तर त्यांच्याभोवती फिकट ऊती बघा. ऐनात ती छिद्राच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी पसरून एकमेकींना भिडते. शिसवात बारीक नागमोडी फिकट रेघा, जांभळट गाभा आणि ताज्या कापाला गोडसर वास. फणस आतून पिवळा, उजेडात तपकिरी होत जातो.

मग वजन. चौकोनी ठोकळा काढून मोजा. वाळलेला साग घनफुटाला साधारण 18-19 किलो, ऐन 24 च्या आसपास. ही सगळी लक्षणं जुळली तरच नाव द्या. एकावर विसंबू नका. अडलात तर नमुना डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे किंवा बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान संस्थेकडे पाठवा.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. नदीकाठचा ओंडका ट्रॉलीत घालायच्या आधी वनखात्याला कळवा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 45 व्या कलमाप्रमाणे वाहून आलेलं किंवा बुडालेलं लाकूड, कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचं मानलं जातं. तिथंही लाकडाची जात विचारतात, आणि तेव्हा 'जंगली' हे उत्तर चालत नाही. आता प्रश्न घेऊ.